लिंडन स्ट्रीटची मागे-मावशी

रोझा नावाच्या बाईवर अन्याय झाला. कधी झाला तेही नीट लिहिते, कारण असल्या गोष्टी "अरे हो, मध्ये कधीतरी काहीतरी झालं होतं" असं म्हणून विसरून जायची आपल्याकडे पद्धत आहे. मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार, लांब सुट्टीचा आदला दिवस. सकाळचे पावणेआठ. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहराला लागून असलेल्या आमच्या छोट्या गावातला लिंडन स्ट्रीट. या रस्त्यावर गाड्यांच्या आधी सायकलींचा मान आहे, आणि तसं दोन्ही टोकांना पाटीवर लिहिलेलं आहे. रोझा सायकलवरून कामाला निघाली होती, रस्त्याच्या मधोमध, जिथून जायचा तिला पूर्ण हक्क होता. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. रोझा दचकली, पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. गाडी चालवणारा आपल्यातला होता. मराठी. पुण्याचा.

हे त्याच्याविषयी नाही. हे त्याला गाडी शिकवणाऱ्या बाईविषयी आहे, जिला आम्ही सगळे मागे-मावशी म्हणायचो.

लिंडन स्ट्रीटवरून तुम्ही कधी घाईत गेला असाल तर मागे-मावशीला शिव्या देऊन झालेल्या असणार. जुनी करडी सेडान, चालक बाई, केस बॉयकट, समोर एखादा सायकलवाला, आणि गाडी सायकलीच्या वेगानं चाललेली. मध्ये छान चार गाड्यांची जागा. ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही, इंजिनची गुरगुर नाही. सायकलवर शाळेतली पोर असो, नाहीतर किराणा लटकवलेले म्हातारे आजोबा, मावशी अख्खा रस्ता मागे. तिच्या मागे गाड्यांची रांग लागायची. एखादा वैतागून हॉर्नवर हात दाबून ठेवायचा. मी एकदा शेजारी बसले होते, मलाच घाम फुटला. मावशी म्हणाली, "मागचा वाजवून राहिला म्हणून पुढच्याच्या अंगावर जायचं का? वाजवू दे न. त्याचा हॉर्न आहे, त्याची बॅटरी आहे."

ही बाई नागपूरची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्या घ्यायची. बर्फावर, ओल्या रस्त्यावर, सामान लादलेली गाडी, रिकामी गाडी, सगळं भरधाव न्यायचं आणि थांबवून बघायचं. ज्या भागात निम्मं गाव मोटारींवर जगतं तिथे ती सांगायची, "पळवणारे इथे पुष्कळ आहेत. माझी भाकरी थांबवण्याची आहे." पार्टीत कुणी नवी गाडी घेतल्याचे पेढे वाटले, की सगळे विचारायचे किती सेकंदांत साठचा वेग घेते. मावशी विचारायची, साठवरून शून्यावर यायला किती रस्ता खाते? उत्तर कुणालाच माहीत नसायचं. ती पेढा खायची आणि म्हणायची, "मग विकत काय घेतलं तुम्ही?"

माझी तिची ओळख एका पत्रकावरून झाली. मी रस्ते सुरक्षित करा म्हणणाऱ्या एका छोट्या गटात काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, मीटिंगांत ओरडते. तेव्हा आमच्या लिंडन स्ट्रीटला वर्षभराच्या चाचणीवर नवं रूप दिलं होतं. डांबरावर मोठ्या सायकली रंगवल्या, चौकात गोल कट्टे बांधले, ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, आणि एका टोकाला अशी आडवी कुंडी ठेवली की सायकल सरळ जाईल पण गाडीला वळावंच लागेल. फ्रीवेला जायचा शॉर्टकट बंद झाला म्हणून गाडीवाले चिडलेले. मी देशी किराण्याच्या दुकानाबाहेर इंग्रजी आणि मराठीत पत्रकं वाटत होते. मावशीनं कढीपत्त्याची पिशवी काखेत धरून पत्रक पूर्ण वाचलं. लोक वाचत नाहीत, ती वाचत होती. मग म्हणाली, "यात शिव्या चांगल्या आहेत. पण या रस्त्यावर गाडी कशी चालवायची ते कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "मावशी, ते मला कसं माहीत असणार? मी गाडी चालवतच नाही."

"काहून?"

"तत्त्व आहे माझं."

"असू दे तत्त्व. पण जे थांबवायला सांगते ते थांबवायला काय लागतं हे हातापायाला माहीत पाहिजे न. रविवारी सकाळी ये. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये."

दर रविवारी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये मावशीची शाळा भरायची. शिकायला बहुतेक बायका. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या, इंजिनियर, वकील, शाळाशिक्षिका, आणि इथे येऊन दूध आणायलाही नवऱ्याची वाट बघणाऱ्या. मावशी फी घेत नसे. डिकीत चहाचा थर्मास आणि डबाभर तर्री-पोहे असायचे. पण पहिल्या रविवारी ती कुणालाच स्टेअरिंगला हात लावू देत नसे. डिकीला अडकवलेली जुनी सायकल खाली उतरवायची आणि म्हणायची, "बस." बाई म्हणायची, अहो मावशी, मी कॉलेजनंतर सायकल चालवलेली नाही. मावशी म्हणायची, "सायकल विसरत नाही तुला, तू बस." मग ती बाई सायकलवर लिंडन स्ट्रीटनं पुढे, आणि मावशी गाडीत मागे. आधी लांबून. मग बाईला न सांगता थोडं जवळ. आणखी थोडं. बाईचे खांदे वर चढायचे, हँडल डुगडुगायचं, मान वळायला बघायची. लगेच मावशी अंतर वाढवायची. रस्त्याच्या शेवटी पोह्यांची प्लेट हातात देऊन एकच प्रश्न विचारायची. "गाडी जवळ आली ते कशानं कळलं?"

प्रत्येकीचं उत्तर एकच असायचं. पाठीला कळलं.

"आता गाडी चालवताना समोरच्याची पाठ बघायची. पाटी नंतर."

मीसुद्धा त्या सायकलवर बसले. मी तर रोजची सायकलवाली, मला काय नवीन? तरी सांगते, मागे कोण आहे हे माहीत असून, ती बाई माझ्या केसालाही धक्का लावणार नाही हे माहीत असून, माझ्या मानेवर काटा आला. मोठमोठ्या पत्रकांत मला जे लिहिता आलं नव्हतं ते तिनं एका फेरीत शिकवलं होतं.

दुसरा धडा दाराचा. गाडी कडेला उभी केली, की चालवणाऱ्यानं दार उजव्या हातानं उघडायचं. दार डावीकडे, हात उजवा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. डाव्या हातानं उघडलं की मावशी गुडघ्यावर चापट मारायची. "प्रसाद कोणत्या हातानं घेता? मग?" यावर एका काकूंच्या आठ वर्षांच्या मुलीनं मागच्या सीटवरून विचारलं, "बट मावशी, मी तर राइट साइडला बसते. मग मी लेफ्ट हँडनं प्रसाद घेऊ?" मावशीला इतकं हसू आलं की चहा सांडला. "तू घे बाई. तुझा देव बघेल, तू मागे बघ."

आता सौरभ. हाच तो त्या शुक्रवारचा गाडीवाला. पुण्याहून आलेला, वयानं तिशीचा, स्वभावानं अगदी सज्जन. इथल्या लायसन्सच्या परीक्षेआधी थोडा सराव हवा म्हणून मावशीकडे आला. सायकल पाहून हसला. "मावशी, मी बारा वर्षं पुण्यात गाडी चालवलीये. सकाळी नऊला. मला हे कशाला?" त्याला घाई होती, मंगळवारी परीक्षा होती. मावशीनं सायकल परत डिकीला अडकवली. सौरभ पास झाला, आणि लिंडन स्ट्रीटनं ऑफिसला जाऊ लागला. वेग वीसच्या आत. अंतर बरं. नियम सगळे पाठ.

आणि त्या शुक्रवारी त्यानं हॉर्न वाजवला तो रागानं नाही. सौजन्यानं! हे इथल्या माणसाला शंभर वेळा समजावलं तरी पटणार नाही. पण तुम्हाला पटेल. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "ताई, मी मागे आहे हं, दचकू नका." पुण्यात असा हॉर्न न वाजवणारा माणूस बेजबाबदार ठरतो. इथे हॉर्न म्हणजे "हट, नाहीतर चिरडतो." सौरभनं हलकेच, एकदाच, सभ्यपणे वाजवला. रोझाच्या पाठीला जे ऐकू यायचं तेच आलं.

त्यानं गाडी थांबवली, अँब्युलन्स बोलावली, रोझाजवळ बसून राहिला. मग मावशीला फोन केला. मावशी मला घेऊन निघाली. आम्ही पोहोचेपर्यंत सौरभला इथल्या मराठी मंडळातल्या दोन काकांचे फोन येऊन गेले होते. "यार, हॉर्नचं बोलूच नकोस," तो मला पडलेल्या आवाजात सांगत होता, "असं म्हणतायत सगळे. कोणी पाहिलेलं नाही. ती आपली आपण पडली म्हणायचं. व्हिसाचं लफडं होईल." पोलीस अजून वही काढून उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी सौरभसमोर उभी राहिली.

"काय झालं ते आधी मला सांग. मराठीत."

त्यानं सांगितलं.

"आता तेच त्याला इंग्रजीत सांग. काही गाळू नको."

"मावशी, पण..."

"ती बाई सायकलवरून आपोआप पडते असं एकदा लिहिलं गेलं, की उद्या हा रस्ताच वाईट ठरेल. मग ती जाईल कुठून?"

सौरभनं पोलिसाला सगळं सांगितलं. मावशी शेजारी उभी होती, हाताची घडी घालून, जणू हीसुद्धा एक चाचणी चालू आहे आणि गाडी कुठे थांबते ते तिला बघायचं आहे. त्याच्या व्हिसाचं काही झालं नाही. पण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही.

रोझा एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. तिच्याकडे गाडी नाही. घरापासून कामापर्यंत जायला दोनच वाटा, एक लिंडन स्ट्रीट आणि दुसरा सहा पदरी हमरस्ता, जिथे गाड्या ताशी पन्नासनं धावतात आणि कडेला पायवाटही नाही. म्हणजे खरं तर एकच वाट. आणि पुढच्याच आठवड्यात ती सायकलींची वाट बंद करून रस्ता गाड्यांना मोकळा करा म्हणून अर्ज फिरू लागला. "लिंडन स्ट्रीट पुन्हा सर्वांसाठी खुला करा." कारण काय? तर बघा, तिथे सायकलवाले पडतात! पडणारीला दोष देणारा हा अर्ज आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळच्या सुविचारांसारखा फॉरवर्ड झाला. सह्या कुणाच्या होत्या ते मी वाचलं आहे. निम्मी आडनावं मला उच्चारायला सोपी गेली.

त्याच सुमारास एका घरी जेवण होतं. मंडळाचे एक काका पुरी हातात धरून म्हणाले, "शेवटी रस्ता हा गाड्यांसाठी असतो. सायकलवाल्यांनी जरा बाजूला व्हावं, एवढंच म्हणणं आहे. त्यात काय मोठंसं?"

मावशी पलीकडे ताट घेऊन बसली होती. ती बौद्ध, आंबेडकरी घरातली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. तिनं आवाज जराही चढवला नाही. "माझ्या आज्याला गावात बैलगाडी आली की रस्त्याच्या खाली, काट्यात उतरून उभं राहावं लागायचं," ती म्हणाली. "गाडीवान हाळी द्यायचा. शिवी नाही हो, नुसती हाळी. त्याच्या मते त्यातही काही मोठंसं नव्हतं. माझ्या हातात आज गाडी आली आहे काका. मी कोणालाच बाजूला हो म्हणणार नाही."

घरच्या काकू घाईघाईनं श्रीखंड वाढायला उठल्या, नको म्हणणाऱ्यांनाही वाढलं. मी आजवर पन्नास पत्रकं तरी लिहिली असतील. त्या पाच-सहा वाक्यांसमोर ती सगळी मला रद्दीत घालावीशी वाटली.

मग गावाच्या कौन्सिलची मीटिंग आली. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. मी घणाघाती भाषण तयार केलं होतं, त्यात "खून" हा शब्द होता. माझ्याआधी मावशीचा नंबर लागला. ती साध्या इंग्रजीत बोलली, शब्दाशब्दावर नागपूरचा ठसका. "त्या माणसाला मी शिकवलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी सायकलवर बसवते. हा पुरुष होता, बारा वर्षं गाडी चालवलेला, म्हणून याला सोडलं. त्याला पाठीचा धडा मिळाला नाही तो माझ्यामुळे. रस्त्यानं त्याचं काम बरोबर केलं होतं. शिक्षा द्यायची तर मला द्या, रस्त्याला कशाला देता?" आणि खाली बसली. तीन मिनिटांतलं एकही पुरतं वापरलं नाही. त्यानंतर रोझा उठली, हात प्लास्टरमध्ये. ती म्हणाली, "मला दुसरा रस्ता नाही." माझं भाषण मी घडी घालून खिशात ठेवलं. आता त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं.

कौन्सिलनं चाचणी आणखी वर्षभर वाढवली. मी आनंदानं उड्या मारत बाहेर आले. मावशी पार्किंगमध्ये रोझाशी बोलत होती. रोझा सांगत होती की प्लास्टर निघेल, पण सायकलवर बसायचा विचार आला की मागे गाडी असल्यासारखी मान आखडते. रस्ता राहिला होता, पण ती त्यावर येणार कशी?

प्लास्टर निघाल्यावर ज्या सकाळी रोझा पहिल्यांदा सायकल घेऊन बाहेर पडली, त्या सकाळी तिच्या दारासमोर करडी सेडान उभी होती. मावशीनं काच खाली केली. "तू पुढे चाल. तुझ्या मागे फक्त मी असणार. मागून जो हॉर्न येईल तो माझ्यावर येऊ दे."

मी ते कोपऱ्यावर उभी राहून पाहिलं आहे. पुढे रोझा, खांदे कानापर्यंत चढलेले, दर थोड्या वेळानं मागे वळून बघणारी. मागे चार गाड्यांची जागा. मग मावशी. मावशीच्या मागे आठ-दहा गाड्या, त्यात एक पिकअप ट्रक नुसता बोंबलत होता. त्या सगळ्या गोंगाटाच्या आणि त्या बाईच्या मध्ये ही एक बुटकी नागपूरकर बाई दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून भिंतीसारखी बसली होती. दुसऱ्या दिवशीही. पुढेही. मावशी कामावर उशिरा पोहोचायची, संध्याकाळी उशिरा निघायची. मी मोर्चे पाहिले आहेत, हातात फलक घेऊन कडाक्याच्या थंडीत उभी राहिले आहे. एवढं धैर्य मी कुठे पाहिलं नाही. आणि ते ताशी दहा मैलांच्या वेगानं चाललं होतं!

मग एका सकाळी रोझा शेवटच्या चौकात पाय टेकवून थांबली, मागे आली आणि काचेवर टकटक केली. "उद्या नको येऊस," ती म्हणाली. "उद्या मी जाईन." मावशी मला म्हणाली, "पाहिलं? खांदे खाली आले तिचे."

त्या हिवाळ्यात मावशीच्या कंपनीनं इथलं ब्रेकचं खातं बंद केलं. ग्रीन कार्डच्या रांगेत ती इतकी वर्षं उभी होती की तिच्यानंतर आलेल्यांची मुलं कॉलेजात गेली. नोकरी गेली तशी दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, अशी मुदत सुरू झाली. दुसरीकडे काही जमेना. मी भडकले, पत्रक लिहायला बसले. ती म्हणाली, "लिही. पण आधी या भांड्यांना कागद गुंडाळ." बर्फ वितळायच्या आत ती नागपूरला परत गेली. विमानतळावर सौरभ तिच्या पाया पडायला वाकला तर तिनं त्याचा दंड धरून उभं केलं. "पाया नको पडू. रविवारी कोण येईल ते सांग."

रविवारी सौरभ येतो. नव्यानं आलेल्या पुरुषांना, विशेषतः बारा वर्षं गाडी चालवलेल्यांना, तोच सायकलवर बसवतो, आणि मागून एकदा, एकदाच, अगदी सभ्यपणे हॉर्न वाजवून दाखवतो. ते धडपडतात. शिव्या देतात. मग पोहे खातात. पोह्यांना मावशीची चव नाही, ते पुण्याचे आहेत, गोड.

मावशी फोनवर नागपूरच्या रस्त्यांचं सांगते. तिथे सायकलीच्या मागे राहिलं की लोक खाली उतरून विचारतात, गाडी बंद पडली का ताई? ती हो म्हणते आणि मागेच राहते.

लिंडन स्ट्रीटची वाढवलेली मुदत आता संपत आली आहे. येत्या ऑक्टोबरात कौन्सिल कायमचा निर्णय घेणार आहे. तिथली सायकलींची वाट बंद करा म्हणणारा अर्ज पुन्हा फिरतो आहे, त्याच ग्रुपवर, त्याच सह्यांसकट. या वेळी रस्त्यावर ढकललेला दोष स्वतःच्या अंगावर घ्यायला ती बाई इथे नाही. रोझा आहे. ती उद्या सकाळी पावणेआठला तिथूनच जाणार आहे.

तुमचं नाव त्या अर्जावर असेल तर ते काढून घ्या. मला कारणं सांगू नका, मी ऐकली आहेत. आज संध्याकाळी कौन्सिलला दोन ओळी पाठवा, नाव काढा, आणि मीटिंगच्या दिवशी येऊन रोझाच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.